घर प्रत्यक्ष पाहिलं होतं, तरीही: स्टॉकहोममधला फसवणुकीचा अनुभव

'घर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका' हा सल्ला स्टॉकहोमला निघालेल्या प्रत्येकाला मिळतो. मलाही मिळाला होता आणि मी तो पाळला. घर पाहिलं, नळ सोडून बघितले, बाल्कनीत उभी राहिले, 'घरमालका'शी समोरासमोर बोलले. तरी ३९,००० क्रोनर गेले, म्हणजे आपले तीन लाखांच्या वर. तो सल्ला अपुरा आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी तिथली परिस्थिती. स्टॉकहोममध्ये भाड्याचं पक्कं, म्हणजे कायमच्या करारावरचं, घर रांगेतून मिळतं. त्यासाठी शहराची स्वतंत्र संस्था आहे. तिथे नाव नोंदवायचं आणि वाट बघायची, सरासरी नऊ वर्षांच्या आसपास. मध्यवस्तीत घर हवं असेल तर त्याहून कितीतरी जास्त. दोन वर्षांच्या कामावर आलेला माणूस एवढा थांबणार कुठे? तो मग 'आंद्राहांड' शोधतो. म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर, आपण पोटभाडेकरू. हे कायदेशीर आहे, पण त्यासाठी इमारतीच्या मालकाची किंवा तिथल्या सोसायटीची परवानगी लागते.

नव्याने आलेल्याची आणखी एक गोची होते. पर्सनल नंबर (सरकारी ओळख क्रमांक) हातात येईपर्यंत बँकआयडी, म्हणजे ऑनलाइन ओळखपत्र, नाही, आणि बँकआयडीशिवाय स्विश, म्हणजे फोनवरून पैसे द्यायचं ॲप, नाही. सगळा देश ज्या मार्गाने पैसे देतो-घेतो, एकमेकांची ओळख पटवतो, तो मार्गच आपल्याला बंद. भामट्यांना असंच गिऱ्हाईक हवं असतं.

माझं ऑफिस स्टॉकहोमच्या किस्टा भागात. कंपनीने दिलेली तात्पुरती जागा जुलैअखेर सोडायची होती, आणि नवरा नि मुलगी पुण्याहून ऑगस्टमध्ये येणार होते. एका जाहिरातीत हालोनबेर्गेनमधलं घर दिसलं. आपल्याकडचं वन बीएचके, भाडं महिना १३,०००. मेट्रोच्या निळ्या लाइनवर किस्टाच्या अलीकडचंच स्टेशन. (मधे किमलिंगे नावाचं स्टेशन बांधून ठेवलंय, पण ते कधी उघडलंच नाही, त्यामुळे गाडी तिथे थांबत नाही.) भाडं फार स्वस्त असतं तर शंका आली असती. ते स्वस्त नव्हतं.

माणूस चाळिशीचा, इंग्रजी उत्तम. इमारतीच्या दाराचा कोड त्याला माहीत, चावी त्याच्या खिशात, कॉफी कुठल्या कपाटात आहे तेही माहीत. स्वीडनमध्ये फ्लॅटच्या दारावर, पत्र टाकायच्या फटीवर, राहणाऱ्याचं आडनाव असतं. तिथे वेगळंच आडनाव होतं. मी विचारलं, तर म्हणाला, "आधीच्या भाडेकरूचं आहे, तुम्ही आलात की बदलू." सोसायटीचं परवानगीपत्र मागितलं, तेही त्याने दाखवलं, शिक्क्यासकट. सोसायटीत कोणाशी तरी बोलता येईल का, असं विचारलं तेव्हा हसून म्हणाला, "जुलै आहे हो, सगळे गावी गेलेत." आणि हे शंभर टक्के खरं वाटण्यासारखं होतं, कारण जुलैत अख्खा स्वीडन सुट्टीवर असतो. आमच्या ऑफिसातसुद्धा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मागणी एक महिन्याचं भाडं आगाऊ आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट अशी होती. यात वावगं काहीच नाही, खरे मालकही असंच मागतात. पैसे स्वीडिश बँकेच्या खात्यात गेले. करारावर सह्या झाल्या.

एक ऑगस्टला सकाळी बॅगा घेऊन पोचले, तर दारात एक पोलिश जोडपं आधीच उभं. त्यांच्याही हातात करार, तोच मजकूर, तीच सही. दार उघडलं एका आजींनी. घर त्यांचंच, दारावरचं आडनावही त्यांचंच. उन्हाळ्यात त्या गावाकडच्या घरी जातात आणि तेवढे दिवस फ्लॅट पर्यटकांना देतात. आमच्या 'मालका'ने तो पर्यटक म्हणून काही दिवसांसाठी घेतला होता, आणि त्या मुदतीत एकामागून एक माणसं बोलावून दाखवला होता. आजी बिचाऱ्या आमच्यापेक्षा जास्त घाबरल्या. त्यांनी आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं आणि पोलिसांना फोनही त्यांनीच लावला.

तातडीचं काम नसेल तर तिथे पोलिसांचा नंबर ११४ १४. तक्रार नीट लिहून घेतली, बोलणंही सभ्य. पण खातं भलत्याच कोणाच्या नावावर होतं, आणि पैसे आले त्याच संध्याकाळी काढून घेतलेले. काही आठवड्यांनी तपास थांबवल्याचं पत्र आलं. सोलेंटुनातल्या एका मराठी कुटुंबाने आम्हाला महिनाभर ठेवून घेतलं, नाहीतर मुलीला घेऊन हॉटेलात राहावं लागलं असतं.

आता कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते की घर तपासू नका, माणूस तपासा, आणि त्याने दिलेल्या कागदांवरून तर नकोच. स्वीडनमध्ये बहुतेक लोकांचा नोंदलेला पत्ता उघड माहिती आहे. तो दाखवणाऱ्या वेबसाइट आहेत, त्यांवर पत्ता टाकला की तिथे कोण राहतं ते दिसतं. मी तो पत्ता नंतर टाकला. आजींचं नाव पहिल्या ओळीत होतं. मालक म्हणून सांगितलेलं नाव तिथे नसेल तर का नाही, हे त्याला विचारा. सोसायटीचा फोन नंबर त्याच्या पत्रावरून घेऊ नका, स्वतः शोधा किंवा जिन्याजवळच्या फलकावर बघा, तिथे तो बहुधा लावलेला असतो. सुट्टी असेल तर सुट्टी संपेपर्यंत थांबा. 'आजच ठरवा, मागे दोघं आहेत' असं कोणी म्हणालं तर ती दोघं खरीच असतील, पण तुमच्यासारखीच फसणारी असतील.

जमलं तर कंपनीला कराराच्या मध्ये घाला. ओळखपत्राच्या फोटोवर विसंबू नका, तो दुसऱ्या कोणाचा तरी, त्याच्या आधीच्या सावजाचाही असू शकतो. मी माझ्या पासपोर्टची प्रत त्या माणसाला दिली होती. ती आता कुठे फिरते आहे, देव जाणे.

अजून एक. आमचा प्रकार ओळखीत पसरल्यावर मला एक निरोप आला: ८०,००० क्रोनर द्या, रांगेशिवाय पक्कं घर तुमच्या नावावर करून देतो. असे करार विकणं तिथे गुन्हा आहेच, पण १ ऑक्टोबर २०१९ पासून विकत घेणंही गुन्हा आहे. म्हणजे पैसे बुडाले तर पोलिसांत कुठल्या तोंडाने जायचं? मी उत्तर दिलं नाही. निरोपाचा स्क्रीनशॉट काढला आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक घालून पोलिसांना पाठवून दिला.