कॉलेजात शिकवत असाल तर हे फोरम थिएटरचं वर्कशॉप नक्की करा

मागच्या शनिवार-रविवारी पुण्यात प्राध्यापकांसाठीचं वर्कशॉप केलं. विषय होता, वर्गात काय शिकवायचं यातली राजकीय ढवळाढवळ. भाषणं नाहीत, थेट सीन करायचे. फोरम थिएटर ही पद्धत ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांची, १९७१ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने त्यांना पकडून छळलं, मग देश सोडावा लागला. आपल्याकडे बंगालमध्ये जनसंस्कृती ही संस्था १९८५ पासून गावागावात हेच करतेय.

आमचा सीन असा. सीएचबीवरच्या (म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, दरवर्षी नेमणुकीची नवी ऑर्डर लागणाऱ्या) एक मॅडम वर्गात सांगतात की २०१० ला मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी बीएच्या अभ्यासक्रमातून कशी काढली (कुलगुरूंनी आपत्कालीन अधिकार वापरून काढली होती, आठवत असेल). दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधून त्यांना केबिनमध्ये बोलावणं येतं. प्रिन्सिपल चहा मागवतात, आवाज अजिबात चढवत नाहीत, "मॅडम, तो विषय जरा राहू द्या, वरून फोन होता, पुढच्या वर्षीच्या ऑर्डरी पण काढायच्यात ना." मॅडम गप्प. संपला सीन.

मग तोच सीन पुन्हा, आता बघणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणून मॅडमच्या जागी जायचं. मी ठाम बोलायचं ठरवून गेले आणि "ऑर्डर" शब्द आला तसं तोंडातून "बरं सर" निघालं, हात गार पडले अक्षरशः, आणि हे सगळं नाटक आहे हे माहीत असून! माझ्यानंतर कुणी नियम सांगितले, कुणी भांडलं, पण दरवेळी मॅडम एकट्याच पडायच्या. शेवटी एक सर उठले ते मॅडमच्या जागी नाही, तर स्टाफरूममध्ये खाली मान घालून पेपर तपासणाऱ्या सहकाऱ्याच्या जागी बसले, मॅडमसोबत केबिनमध्ये शिरले आणि एवढंच म्हणाले, "सर, हे लेखी द्या ना, आम्ही अभ्यास मंडळाकडे पाठवतो." प्रिन्सिपल झालेल्याला उत्तरच सुचेना. माझ्या डोळ्यात पाणी आलं, कारण तो पेपर तपासणारा माणूस मी कितीतरी वेळा होते.

तक्रार एकच, पहिल्या दिवशी ओळखी आणि वॉर्मअपमध्ये अर्धा दिवस गेला, त्यात अजून एक सीन बसला असता. आणि फी सीएचबीवाल्यांना जड आहे, त्यांना सवलत द्यायलाच हवी, त्यांच्यासाठीच तर आहे हे.

जमलं तर एकाच कॉलेजातले दोघं-तिघं मिळून जा. पुढच्या बॅचला मी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना घेऊन जाणारे.