दांडिया बाजारातला नुक्ल: दाणा अस्सल, ताट उलटं

संक्रांतीचा काटेरी हलवा ज्यांच्या हातात बसलाय, त्यांना नुक्ल शिकवावा लागत नाही. भाजलेल्या बदामावर पाकाचे थर चढवून केलेला हा अफगाण दाणा. तिकडे लग्न ठरल्याची बातमी यानेच पोचते. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं एक घरगुती हलव्याचं दुकान तो ऑर्डरीने करतं. सयाजीराव विद्यापीठातल्या अफगाण मुलामुलींना ते ठाऊक आहे, आता आपली मंडळीही साखरपुड्यासाठी नेतात.

२५० ग्रॅमची डबी ३२० रुपये. दाणा मधोमध फोडला तर आत सालीसकट बदाम, खमंग आणि कोरडा, भोवती दोनेक मिलिमीटर साखर. थर पांढराशुभ्र, वरून खडबडीत, वेलचीचा वास आधी येतो. दाताला चिकटत नाही, हीच खरी परीक्षा. बदाम नीट भाजून कोरडा केला नसेल तर आतली ओल थर तडकवते. एकतारी पाक चमच्या-चमच्याने, परात हलवत घालायचा. आधीचा थर सुकण्याआधी पुढचा चमचा पडला की दाण्यांची ढेकळं होतात. आच चढली की साखर पिवळी. इथे यातलं काही दिसलं नाही. पावसाळ्यातली डबी मात्र उघडल्यावर तिसऱ्या दिवशी चिकट झाली. त्यात दोष हवेचा, पण झाकण सैल होतं तो दोष दुकानाचा.

गडबड आहे ती सजवलेल्या तयार ताटात. ते आपल्या साखरपुड्याच्या हिशेबाने भरलेलं असतं. आपल्याकडे पुडा आणि साडी मुलाकडून येते, ओटी भरली जाते. अफगाण पद्धतीत ताटाची दिशा उलटी. मुलाची आई, मावश्या, बहिणी मुलीच्या घरी ख्वास्तगारीला जातात, म्हणजे मागणी घालायला. एका फेरीत होकार मिळत नाही. लगेच ‘हो’ म्हटलं तर मुलगी जड झाली होती असं वाटतं, म्हणून चहा पाजून परत पाठवतात. होकार ठरला की मुलीकडचे ताट देतात: नुक्ल, चॉकलेटं, भरतकाम केलेला रुमाल (दस्माल) आणि कंद, म्हणजे साखरेचा घट्ट शंकू. शिरीनी म्हणजे ही मिठाई, आणि ‘शिरीनी दिली’ म्हणजे मुलगी दिली. ताट रिकामं परत जात नाही, मुलाकडचे त्यात पैसे किंवा भेटी ठेवतात. रिकामं भांडं परत न करणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं समजावायला नको.

दुकानाच्या ताटात कंदाऐवजी कागदी पुड्यात सुटी साखर आहे. दिसायला दोन्ही शंकूच, पण कंद फोडायचा असतो, सुटी साखर काय फोडणार? शिवाय त्यात पेढे ठेवलेत. खव्याची ओल बंद ताटात रात्रभरात नुक्लाचा खडबडीतपणा घालवते. म्हणून नुक्ल इथून घ्या आणि ताट घरी भरा. पेढे हवेच असतील तर वेगळ्या डबीत ठेवा. रुमाल सांगितला तर दुकानदार सॅटिनचा देतात. त्यापेक्षा मंगळ बाजारातून साधा सुती घेऊन कडेला टाके घातलेले बरे.

लग्नात जोडप्यावर नुक्ल उधळतातही. त्यासाठी बदामाचा नको, टणक असतो, कपाळाला लागतो. भाजलेल्या हरभऱ्याचा मागा. तोही अस्सल प्रकार आहे, लहान आणि स्वस्त. ऑर्डर पाच दिवस आधी द्या. थर हाताने चढतात, दुकान आदल्या दिवशी ‘होईल’ म्हणतं आणि मग थर पातळ निघतो.

शिरीनीनंतर नौरोजला, म्हणजे नववर्षाला, मुलाकडून वाग्दत्त वधूकडे तळलेली मासळी आणि जिलेबी जाते. दुकानदारांना हे सांगितलं तर ते हसतात. फाफड्याखेरीज जिलेबी खायची सवय नाही इथे. जिलेबी ते करत नाहीत, मासळीचं तर नावच काढू नका.