फोर्टातलं दोन तासांचं जेवण

तेहतीस वर्षं मी फोर्टात जेवले. दीडला बँकेच्या काउंटरवर पाटी लावायची, डबा उघडायचा, पोळी-भाजी, वर घोटभर ताक, की दोनच्या आत हात धुऊन परत खुर्चीत. महिनाअखेरीला तर एका हातात घास आणि दुसऱ्या हातात व्हाउचर. कधी बाहेर खायची हुक्की आलीच तर उडुप्याकडे. तिथे आपला शेवटचा घास तोंडात असतो तोवर पुढचं गिऱ्हाईक आपल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं. त्याचंही चूक नाही, त्यालाही दोनला पोचायचं असतं.

तर यंदा नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जुन्या शाखेत गेले. हे काम आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतं, मला ठाऊक आहे, मुलानेही चारदा सांगितलं. पण वर्षातून एकदा फोर्टात जायला काहीतरी निमित्त लागतं. माझ्याबरोबर सेव्हिंग्जला बसणारी मैत्रीण मरोळहून येणार होती. ती भुयारी मेट्रोने थेट हुतात्मा चौकात उतरली. मी डोंबिवलीहून फास्ट पकडून सीएसएमटी आणि तिथून चालत. फोन केला तर बाईसाहेब माझ्याआधी वीस मिनिटं पोचून फ्लोरा फाउंटनसमोर उभ्या. ऑक्टोबर 2025 मध्ये ती लाइन कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून तिचा रुबाब वाढलाय.

जेवायला कुठे, यावर आमचं थोडं वाजलं. तिला सॅमोवारसारखं काहीतरी हवं होतं. जहांगीर कलादालनातलं सॅमोवार 2015 च्या मार्चमध्ये बंद झालं. आगगाडीच्या डब्यासारखी ती लांबट चिंचोळी जागा, बाजूला म्युझियमची हिरवळ, पुदिन्याचा चहा. आम्ही तिथे तेहतीस वर्षांत फार तर सहा-सात वेळा गेलो असू, पण आता बोलताना असं वाटतं की रोजच जात होतो. मग तिच्या सुनेने सांगितलेलं एक कॅफे शोधायचं ठरलं.

नाव लिहीत नाही. पुढे दोन-तीन तक्रारी आहेत आणि जागा सव्वीस खुर्च्यांची आहे, उगीच कुणाच्या पोटावर पाय नको. खूण सांगते. हुतात्मा चौकातून हॉर्निमन सर्कलकडे जाताना आतल्या एका गल्लीत झेरॉक्सवाला, शिक्के बनवणारा आणि वकिलांच्या कोटांचं दुकान अशी ओळ आहे. त्या ओळीत एक जुना दगडी दरवाजा लागतो. आत लाकडी जिना, अठ्ठावीस पायऱ्या. मोजल्या, कारण गुडघ्याने मोजायला लावल्या. लिफ्ट नाही. ही पहिली तक्रार.

पण वर जाऊन दार मागे लागलं आणि आम्ही दोघी एकदम गप्प झालो. खाली गल्लीत टेम्पो मागे घेणाऱ्याचं ‘आने दो, आने दो’ चाललं होतं, ते बंद. भिंती हातभर जाडीच्या, खिडक्यांना दुहेरी काच, छताला लाकूड. गाणी नाहीत! हल्ली कॅफे म्हटलं की कुणीतरी इंग्रजीत कण्हत असतं, ते इथे नाही. कॉफीच्या बिया दळायचं यंत्रसुद्धा आतल्या खोलीत, दाराआड. बसताना मी खुर्ची ओढली आणि आवाजच आला नाही. वाकून पाहिलं तर चारही पायांना खालून नमद्याच्या गोल चकत्या चिकटवलेल्या. ज्याने कुणी सव्वीस खुर्च्यांच्या एकशेचार पायांना बसून त्या चकत्या लावल्या, त्याच्याविषयी माझं मत तिथेच चांगलं झालं.

वाढणारा मुलगा विशीतला. ‘मॅम, स्टिल ऑर स्पार्कलिंग?’ असं सुरू केलं. मैत्रीण म्हणाली, ‘साधं रे बाबा, नळाचं, गाळलेलं.’ त्याने हसून काचेचा जग आणला आणि त्यानंतर आम्ही ‘काकू’ झालो. साताऱ्याकडचा निघाला. बाटलीच घ्या असा आग्रह नाही, जग रिकामा होऊ दिला नाही. ह्या दोन गोष्टींना माझ्याकडून पूर्ण गुण.

मेनू एकाच जाड कागदावर, एका बाजूला. बारा-तेरा पदार्थ, बस. मला हे आवडतं. ज्या हॉटेलात पंजाबी, चायनीज, मेक्सिकन आणि जैन पिझ्झा एकाच पुस्तकात असतात तिथला फ्रीज किती मोठा असेल ह्याचीच मला भीती वाटते.

आधी पाव आला. तो न मागताच येतो, त्याचे पैसे नाहीत. सावरडो म्हणतात तो. यीस्टची पुडी न घालता पीठ आणि पाणी आंबवून ठेवायचं, रोज त्यातलं थोडं काढायचं, थोडं ताजं घालायचं. आपलं विरजणच की! आतून जाळीदार, चवीला किंचित आंबट, बरोबर मीठ घातलेलं लोणी. कवच मात्र असं कडक की मैत्रिणीने आधी जिभेने आपली दाताची कॅप चाचपली आणि मगच चावा घेतला. आम्ही कवच सुपात बुडवून खाल्लं. सूप तांबड्या भोपळ्याचं, एकात दोन करून मागितलं तर त्यांनी आतच दोन वाट्यांत निम्मं निम्मं करून आणलं. भोपळा आधी भट्टीत भाजलेला असावा, कारण गोडीला करपटपणाची एक बारीक कड होती. वर भोपळ्याच्याच बिया, खमंग. सुपाबद्दल एवढंच, कारण मला रिसोटोबद्दल बोलायचंय.

मी शाकाहारी. अळंबीचा रिसोटो मागवला. मुलगा म्हणाला, ‘काकू, वीस मिनिटं लागतील, चालेल?’ तिथेच मला बरं वाटलं. जिथे हा पदार्थ पाच मिनिटांत येतो तिथे तो आधीच शिजवून ठेवलेला असतो. मी विचारलं, ‘वरच्या चीजमध्ये रेनेट कुठलं?’ रेनेट म्हणजे चीजसाठी दूध साकळवायला घालतात ते. इटलीतल्या अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, बऱ्याच शाकाहारी लोकांच्या हे गावीही नसतं. मुलाला माहीत नव्हतं, पण त्याने ‘व्हेजच आहे हो’ असं ठोकून दिलं नाही. आत जाऊन विचारून आला: चीज भारतातच बनवलेलं, रेनेट शाकाहारी.

आता रिसोटो म्हणजे काय, तर सोप्या भाषेत आसट भात. पण साधा आसट भात नव्हे. आपल्याकडे लहान मुलाला किंवा आजाऱ्याला देतो तो भात पूर्ण गळतो, डावेने घोटला की झालं. इथे तांदूळ आर्बोरिओ जातीचा, आखूड आणि गुबगुबीत. तो लोण्यावर परतायचा, मग गरम रस्सा पळी-पळीने घालत ढवळत राहायचं. ढवळताना दाण्याच्या अंगची पिठी सुटते आणि तिचीच साय धरते. शेवटी लोणी आणि चीज. क्रीम घालायची गरज नसते, जे घालतात ते कष्ट वाचवतात. आणि गंमत अशी की दाण्याच्या मध्यात कणी ठेवायची असते. आमच्या घरी भातात कणी राहिली तर सासूबाई ताट पुढे सरकवून नुसत्या बघायच्या. इथे कणी राहिली नाही तर आचारी नापास!

ताटली आली ती पसरट आणि गरम. भात ढिगासारखा उभा नव्हता. मुलाने ताटली ठेवली तसा तो हळूच कडेपर्यंत सरकला आणि थांबला. पहिला घास मी मुद्दाम नुसता भाताचा घेतला. बाहेरून मऊ, आत दाताला जाणवेल न जाणवेल अशी कणी. मग अळंब्या: काही ताज्या, कडा खरपूस होईपर्यंत परतलेल्या, आणि रश्शात वाळवलेल्या अळंब्यांचा तो मातीचा, पहिल्या पावसानंतरच्या परसदारासारखा वास. मीठ नेमकं. मी सहसा हॉटेलात जेवताना मनातल्या मनात ‘हे मी घरी करीन’ असं म्हणते. ह्या वेळी म्हटलं नाही.

मैत्रीण गिरगावची, मासळीची परीक्षक. तिने रावस घेतला, भाजलेला, कोकमाच्या सारासह. साराचा रंग सुरेख होता, पण तुकडीवर गुलाबी फेस घातलेला. ती त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘अगं, मी जेवायला आल्येय की कपडे भिजवायला?’ फेस बाजूला केला. खाली रावस ताजा होता, वास नाही, कातडी कुरकुरीत, पण पाकळ्या सुटायच्या ऐवजी तुटत होत्या. ‘दोन मिनिटं जास्त राहिला तव्यावर,’ तिचा निकाल. एवढ्या किमतीला ही दोन मिनिटं माफ नाहीत, असंही तिने जोडलं. मुलाने ताटली उचलताना कसं वाटलं विचारलं, तर तिने त्यालाही तेच सांगितलं. तो ‘सांगतो आत’ म्हणाला. दहा मिनिटांनी एप्रन घातलेली एक मुलगी स्वतः बाहेर आली, कुठे कोरडा लागला ते नीट ऐकून घेतलं, आणि गेली. माफीची भाषणं नाहीत, फुकट आइस्क्रीम नाही. मैत्रीण खूश. तिला आइस्क्रीम नकोच होतं, ऐकून घेणारं कुणीतरी हवं होतं.

मधे एक प्रसंग घडला. खिडकीजवळ एक गृहस्थ लॅपटॉप उघडून मोठ्या आवाजात मीटिंग घ्यायला लागले, ‘कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन?’ साताऱ्याचा मुलगा गेला, वाकून काहीतरी बोलला, आणि गृहस्थ फोन घेऊन मुकाट जिन्याच्या पडवीत गेले. तिथे त्यांच्यासाठी एक स्टूलही ठेवलेलं होतं. म्हणजे हे रोजचंच असणार.

एसी फार गार. आमच्या डोक्यावरच होता, सांगितल्यावर कमी केला, पण मला शेवटपर्यंत पदर अंगभर घ्यावा लागला. आणि स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर. स्वच्छ आहे, पण पुन्हा तो जिना.

गोडात लिंबाचा टार्ट एकात दोघी. केकातलं अंडं मला चालतं, अंड्यातला केक चालत नाही, असं माझं एक सोयीस्कर शास्त्र आहे. टार्टचा तळ खुसखुशीत आणि लिंबू खरंखुरं, जबड्याच्या कडा आवळणारं. कॉफी चिकमगळूरची, काळी, कागदाच्या गाळणीतून हळूहळू ओतलेली. मी दूध मागितलं तर मुलाचा चेहरा जरा पडला, पण आणून दिलं. मला कॉफीत दूध लागतं, ह्यावर वाद नको.

पावणेतीन वाजून गेले होते. टेबल पुसायला कुणी घिरट्या घालत नव्हतं, बिलाची वही कुणी न मागता पुढ्यात टाकली नव्हती. आम्ही शाखेतल्या सगळ्यांच्या बदल्या, भांडणं, मुलांची लग्नं, गेलेली माणसं असं सगळं एकदा फिरून आलो. 2016 च्या नोटाबंदीत आम्ही दोघी जेवायलाच उठलो नव्हतो, त्या आठवड्यातला एक दिवस तिला आठवत होता आणि मला नाही.

बिल आम्हीच मागितलं. सवयीने बेरीज तपासली. सूप 360, रिसोटो 690, रावस 890, टार्ट 320, दोन कॉफी 480. एकूण 2,740. त्याखाली दहा टक्के सेवा शुल्क 274 रुपये, आणि त्या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. इथे माझ्यातली बँकवाली जागी झाली. सेवा शुल्क आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मी मुलाला शांतपणे म्हटलं, ‘हे काढून दे.’ कपाळाला आठी न घालता काढलं. नवं बिल 2,877. तरी मागितल्यावर काढण्यापेक्षा मुळातच लावू नये, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. मुलाच्या हातात रोख दोनशे ठेवले, ते त्याचे होते, बिलाचे नाहीत.

माणशी जवळजवळ साडेचौदाशे. महाग आहे, नाही कशाला म्हणू? ह्या पैशांत फोर्टात खाली उतरून आठवडाभर व्यवस्थित जेवता येतं, आणि पोट त्याने जास्त भरेल. नुसती भूक लागली असेल तर इथे येऊ नका. कुणाशी नीट बोलायचं असेल, किंवा कुणाशीच बोलायचं नसेल, तर या.

जाणार असाल तर: साडेबाराला पोचा, एकनंतर वकील मंडळी येतात. फोन करून जागा राखून ठेवतात. खिडकीकडून दुसरं टेबल मागा, एसीपासून लांब आहे. शाकाहाऱ्यांनी रिसोटो. मासे खाणाऱ्यांनी रावस सांगतानाच ‘जास्त भाजू नका आणि फेस नको’ म्हणावं. गुडघे दुखत असतील तर उतरताना उजव्या बाजूने उतरा, कठडा त्याच बाजूला धड आहे. आम्ही दोघी तसंच उतरलो, मैत्रीण पुढे, मी मागे, आणि खाली दार उघडल्याबरोबर कुणीतरी आमच्या कानात हॉर्न वाजवला.