नार्नियाचा सात पुस्तकांचा संच: चेटकिणीची गोष्ट ख्रिस्ती घरात ठेवावी का?

शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीतील मुलांच्या बायबलवर्गात, मी दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो. चेटकीण आणि मंत्र असलेली पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत का, असे त्यांचे पालक मला वारंवार विचारतात. यंदा सी. एस. लुईस यांच्या, नार्निया या काल्पनिक देशावरील मालिकेचा इंग्रजी संच घेतला आणि हाच प्रश्न समोर ठेवून सातही पुस्तके सलग वाचली.

पालकांची शंका मी हसण्यावारी नेत नाही. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात शकुन पाहणे, चेटूक करणे, मृतांना प्रश्न विचारणे स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवले आहे. इफिसमधील जादूटोणा करणाऱ्यांनी विश्वास धरल्यावर आपली पुस्तके सर्वांदेखत जाळली, असे बायबलमधीलच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते. मात्र ती पुस्तके जादू प्रत्यक्ष करण्याची होती आणि जाळणाऱ्यांची स्वतःची होती. 2001 च्या डिसेंबरअखेर अमेरिकेतील अ‍ॅलमोगॉर्डो येथे एका ख्रिस्ती मंडळीने हॅरी पॉटरची पुस्तके जाळली, तेव्हा हा फरक विसरला गेला, असे मला वाटते. म्हणून गोष्टीत जादू आहे का, एवढ्यावर न थांबता ती जादू कोणाची आहे आणि माणूस तिच्याकडे काय मागतो, हे मी पाहत गेलो.

1950 साली आलेल्या पहिल्या पुस्तकातच याचे उत्तर सापडते. एडमंडने भावंडांचा विश्वासघात केलेला असतो आणि काळाच्या आरंभापासूनच्या गहन जादूनुसार पांढरी चेटकीण त्याच्या प्राणावर हक्क सांगते. ही जादू म्हणजे खरे तर समुद्रापलीकडील सम्राटाचा नियम आहे, आणि अस्लन हा सिंहही तो मोडत नाही. तो एडमंडच्या जागी स्वतः मरतो. त्याच्या देहाभोवतीचे दोर उंदीर कुरतडतात आणि सकाळी दगडी वेदी दुभंगते. निर्दोषाने दोषीच्या जागी मरण पत्करले तर मरणच उलटते, हा काळाच्याही आधीचा नियम चेटकिणीला ठाऊकच नव्हता, आणि अस्लन पुन्हा जिवंत होतो. नियमशास्त्र आणि कृपा यांचे नाते मुलांना समजावताना माझी नेहमी तारांबळ उडते. हे प्रकरण वर्गात वाचल्यावर मला वेगळे काही सांगावे लागले नाही.

अनुवादातील निषेधाशी थेट भिडणारे प्रसंग पुढच्या पुस्तकांत आहेत. 1951 च्या पुस्तकात हताश झालेला बुटका निकाब्रिक मेलेल्या चेटकिणीला मंत्राने परत बोलावू पाहतो आणि राजपुत्र कॅस्पियन ते साफ नाकारतो. मला सर्वांत मोलाचा वाटला तो 1952 च्या सागरप्रवासातील प्रसंग. जादूगाराच्या घरी एडमंडची बहीण लूसी एकटीच मंत्रांचे हस्तलिखित चाळत असते. अप्रतिम सुंदर होण्याचा मंत्र ती म्हणणार, एवढ्यात पानावर गुरगुरणाऱ्या सिंहाचा चेहरा उमटतो आणि ती घाबरून पान उलटते. पुढे मैत्रिणींच्या मनातले कळवणारा मंत्र मात्र ती म्हणतेच, आणि आपल्याविषयीचे कडू बोल तिच्या कानी पडतात. जादूने केली तरी चोरून ऐकणे ते चोरून ऐकणेच, असे अस्लन तिला बजावतो. मैत्रीण तशी वाईट नव्हती, फक्त दुबळी होती. पण ऐकलेले आता विसरता येत नाही. आपल्याकडे पंचांग, पत्रिका आणि मोबाइलवरचे राशिभविष्य मुलांच्या अवतीभवतीच असते, त्यामुळे दडलेले जाणून घेण्याचा हा मोह त्यांना लगेच ओळखू आला.

हॅरी पॉटरमध्ये जादू शाळेत शिकण्याची विद्या आहे आणि ती कशी वापरायची हे ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोपवलेले आहे. ती मालिकाही मी त्याज्य मानत नाही. शेवटच्या भागात हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्रातील मृत्यूच्या नाशाविषयीचे वचन कोरलेले आहे. परंतु ती वाचताना मुलांसोबत मोठ्या माणसाने बसावे लागते, तेवढी गरज नार्नियात भासत नाही.

तरीही संच निर्दोष नाही. कॅस्पियनच्या गोष्टीत मद्यदेव बॅकस आनंदाने नाचतो आणि घोडमानव नक्षत्रे पाहून भविष्य जाणतात. काही पालकांना हे खटकेल, आणि त्यांचे खटकणे मला रास्त वाटते. त्याहून अधिक मला बोचले ते नार्नियाच्या दक्षिणेकडील कॅलोर्मेन देशातील लोकांचे चित्रण. सावळे, पागोटेधारी लोक बहुतेक क्रूर आणि लबाड रंगवले आहेत, आणि आपली सावळी मुले ते वाचणार आहेत. शेवटच्या पुस्तकात एमेथ या कॅलोर्मेन तरुणाला अस्लन जवळ करतो, तरी आधीचा डाग त्याने पुसला जात नाही. याविषयी वर्गात मोकळेपणाने बोलावे.

माझ्या संचात पुस्तके कथेतील काळानुसार लावलेली आहेत, म्हणजे 1955 चे पुस्तक पहिले येते. तो क्रम सोडून 1950 च्या, कपाटातून नार्नियात जाण्याच्या गोष्टीपासूनच आरंभ करावा. तेव्हाच लूसीबरोबर आपणही कोटांतून चाचपडत बर्फात पाऊल टाकतो आणि अस्लन कोण, हे आपल्यालाही ठाऊक नसते. पॉलीन बेन्स यांची रेखाचित्रे सुरेख आहेत. इंग्रजी सहावी-सातवीच्या मुलांना जमेल असे आहे. त्याहून लहानांना रोज एक प्रकरण वाचून दाखवावे. शेवटचे पुस्तक मी बारा वर्षांच्या आत देणार नाही, कारण त्यात नार्नियाच संपते आणि ते दुःख फार मोठे आहे.