हायॉइड प्रतिकृतींचा संच: हाडं हुबेहूब, स्टँड दिशाभूल करणारा

आदिमानव बोलत होता का, हे शिकवताना विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला फारसं काही नसतं. स्वरयंत्र कूर्चेचं, जीभ मांसाची. दोन्ही मातीत टिकत नाहीत. टिकलंच तर हायॉइड हे गळ्यातलं यू-आकाराचं छोटं हाड. स्वरयंत्र याच हाडाखाली टांगलेलं असतं. हे हाड दुसऱ्या कुठल्याच हाडाला सांध्याने जोडलेलं नसतं, त्यामुळे उत्खननात सहसा हरवतं.

या संचात रेझिनच्या तीन प्रतिकृती आहेत: आजचा माणूस, चिंपांझी आणि इस्रायलमधल्या केबारा गुहेत १९८३ साली सापडलेला, सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीचा निअँडरथल, म्हणजे आपल्या जवळचा पण नामशेष झालेला आदिमानव.

चिंपांझीचं हाड आधी द्या. त्याचा मधला भाग मागून पोकळ, वाटीसारखा फुगलेला आहे. जिवंतपणी तिथे हवेची पिशवी शिरते. इथिओपियातल्या दिकिका इथल्या ३३ लाख वर्षांपूर्वीच्या बालिकेचं हायॉइडही याच घडणीचं होतं. मग केबाराचं द्या. ती वाटी गायब, आणि माणसाच्या हाडाशेजारी ठेवलं तर पटकन वेगळं ओळखू येत नाही. एवढ्यासाठी संच घ्यावा.

रंगकाम मात्र जाड. स्नायू चिकटण्याच्या कडा त्यात बुजल्यात. खोली अंधारी करून टॉर्च अगदी आडवा धरला तरच त्या दिसतात. हाडाची दोन्ही बाजूंची लांब टोकं, म्हणजे शिंगं, मुळाशी मोडतात, म्हणून हाड मधोमध धरायला सांगा.

खरी तक्रार स्टँडची. त्यावर निअँडरथलचं हायॉइड आजच्या माणसाच्याच उंचीवर पक्कं चिकटवलंय. वाद नेमका त्या उंचीचाच आहे! १९७१ साली भाषाशास्त्रज्ञ लीबरमन आणि शरीररचनाशास्त्रज्ञ क्रेलिन यांनी निअँडरथलचं स्वरयंत्र वर होतं, त्याला आ, ई, ऊ नीट जमत नसावेत, असं मांडलं. केबाराच्या हाडाने त्या मताला धक्का बसला, पण हाडाच्या आकारावरून ते गळ्यात किती खाली होतं हे ठरत नाही. आणि खाली असलं म्हणजे भाषा आलीच असंही नाही. तांबड्या हरणाच्या नराचं स्वरयंत्रही खाली असतं, डरकाळताना तर तो ते आणखी खाली ओढतो. सोबतच्या पत्रकातलं ‘निअँडरथल बोलत होते याचा पुरावा’ हे वाक्य म्हणून खोडून टाका.

स्टँडवरून हाड सोडवा आणि कवटीच्या तळाशी कानाखाली असलेल्या बारीक सुळक्यांना, म्हणजे स्टायलॉइडना, दोन्ही बाजूंनी इलॅस्टिकने टांगा. मग ते वरखाली करून दाखवता येतं. स्वस्त प्लास्टिकच्या कवट्यांना हे सुळके बहुधा नसतातच, किंवा तुटलेले असतात. तेवढं आधी तपासा. शेवटी मुलांना हनुवटीखाली, कंठमण्याच्या जरा वर अंगठा आणि तर्जनी हलकेच ठेवून आवंढा गिळायला लावा. हाड वर सरकलेलं बोटांना लागतं.

स्कॅनवरून स्वतः थ्रीडी छपाई करणार असाल तर रेझिन प्रिंटर आणि ०.०५ मिमीचा थर घ्या. प्लास्टिकची तार वितळवणाऱ्या फिलामेंट प्रिंटरच्या ०.२ मिमी थरात त्या कडा उमटत नाहीत.