मुलाच्या वेळापत्रकासाठी कोर्टाने नेमलेली इव्हॅल्युएटर: पाचपैकी चार स्टार

घटस्फोटाच्या केसमध्ये लेक कुणाकडे कधी राहणार हे सुचवायला फॅमिली कोर्टाने इव्हॅल्युएटर नेमली होती, तिच्या कामाबद्दल लिहितेय.

सगळ्यात आवडलं ते तिचं विचारणं. आई चांगली की बाबा चांगले यात ती पडलीच नाही, दोघांना वेगवेगळं बसवून डेंटिस्टकडे शेवटचं कोण घेऊन गेलं, वर्गात जवळची मैत्रीण कोण, झोपताना काय लागतं, असलं विचारत राहिली. मग दोघांच्या घरी येऊन गेली, क्लासटीचरशी बोलली. आणि लेकीला 'तुला कुणाकडे राहायचंय' हे एकदाही विचारलं नाही हो, फक्त दिवसभरात काय काय होतं ते सांगायला लावलं, ती चित्र काढत काढत बोलत गेली. एवढ्याशा पोरीवर निवडायचं ओझं टाकायचंच नाही, हे मला फार पटलं.

वेळापत्रक पण वय बघून. २-२-३ मध्ये (दोन रात्री एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, मग तीन परत पहिल्याकडे, पुढच्या आठवड्यात उलट) मूल सलग ३ रात्रींपेक्षा जास्त कुणापासून लांब राहत नाही पण सारखी बॅग भरा, आठवडा-आठवडा केलं तर ये-जा कमी पण लहानग्याला ७ रात्री जड जातात. आमची नुकतीच शाळेत जायला लागलेली म्हणून २-२-५-५ सुचवलं, म्हणजे सोमवार-मंगळवार कायम एकाकडे, बुधवार-गुरुवार दुसऱ्याकडे, शुक्रवार ते रविवार आलटून पालटून, त्यामुळे सलग २ किंवा ५ रात्री होतात. शाळेच्या दिवशी एकाने सोडायचं, दुसऱ्याने आणायचं, दारात समोरासमोर यायलाच नको, भांडणं तिथेच पेटतात आणि पोरं बघत असतात.

एक स्टार कापला तो सुट्ट्यांसाठी. रिपोर्टमध्ये नुसतं 'परस्पर सहमतीने ठरवावे', आता ज्यांचं जमत नाही म्हणून कोर्टात आलेत त्यांना याचा काय उपयोग? शेवटी वकिलांकडून सुट्टी एक वर्षाआड कुणाकडे, किती वाजता घ्यायचं-सोडायचं, सगळं ऑर्डरमध्ये घालून घेतलं. रिपोर्ट ही शिफारसच असते, निकाल जज देतात, त्यामुळे काही चुकीचं किंवा मोघम वाटलं तर वकिलाला लगेच सांगा.

घरात मारहाण झाली असेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, तिथे सहसा निम्मे-निम्मे दिवस सुचवत नाहीत, देखरेखीखालच्या भेटी वगैरे वेगळा विचार होतो.

आणि इव्हॅल्युएटरला भेटायला जाताना व्हॉट्सॲपवरच्या भांडणांचे स्क्रीनशॉट गोळा करत बसू नका, लसीकरणाचं कार्ड आणि शाळेची डायरी न्या, आमच्याकडे तीच तिने पान न् पान वाचली.