लॅमिंग्टन रोडवर बनवून घेतलेला गेमिंग लॅपटॉप

लॅपटॉप काही डेस्कटॉपसारखा सुटे भाग आणून जोडता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही मदरबोर्डवर कायमच्या सोल्डर केलेल्या असतात. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कुणी ‘कस्टम लॅपटॉप बनवून देतो’ म्हणालं, तर त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की चेसिस (बाहेरचा सांगाडा), चिप आणि स्क्रीन कंपनीची. रॅम, एसएसडी (फाइल साठवायची जागा), वायफाय कार्ड आणि चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट तुमच्या मर्जीची. मी २०२४ च्या पावसाळ्यात तिथल्या एका पहिल्या मजल्यावरच्या दुकानातून असा लॅपटॉप करून घेतला. बजेट एक लाख दहा हजार, जीएसटीसकट, त्यावर एक रुपया नाही. दुकानाचं नाव छापत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या त्या रस्त्यावर कुठेही लागू पडतील अशा आहेत.

मी डोंबिवलीत इंटिरियरची कामं करते. दिवसा क्लायंटच्या टू-बीएचकेचे थ्रीडी व्ह्यू ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करायचे आणि रात्री ओटा आवरला की सायबरपंक हा गेम. दोन्हींना लागणारं मशीन एकच असतं, आणि घरात सांगायला कामाचं कारण सोयीचं पडतं.

माझा हिशेब घरूनच ठरलेला होता. जे नंतर बदलता येणार नाही, त्यावर पैसे घालायचे. जे बदलता येतं, ते कंपनीकडून कमीत कमी घ्यायचं. दुकानदाराचा हिशेब साहजिकच वेगळा होता. ‘मॅडम, सरळ ४०७० घ्या ना, वीसेक हजारांचा तर फरक,’ ही ग्राफिक्स चिपबद्दल शेठची पहिली शिफारस. कागदावर ती बरोबरही वाटते. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ४,६०८ कुडा कोर (गणित करणारे छोटे भाग) आणि ४०६० मध्ये ३,०७२, म्हणजे दीडपट. पण व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी, दोन्हींची ८ जीबीच, मेमरी बस दोन्हींची १२८ बिटच, आणि वीज खाण्याची मर्यादाही सारखीच. कोर वाढले तरी त्यांना पुरवठा करणारी वाट तेवढीच अरुंद. त्यामुळे खेळताना सेकंदाला दीडपट फ्रेम (पडद्यावरची चित्रं) मिळत नाहीत. आणि टेक्स्चर (पृष्ठभागांचा तपशील) अल्ट्रावर टाकून रे ट्रेसिंग (प्रकाशाचं हुबेहूब गणित) लावलं की ८ जीबी भरते ती दोन्हींची भरते. ४०६० ठरली, वीस हजार तिथेच वाचले.

खरी मेख ४०६० च्या आत आहे, आणि ती खोक्यावर ठळक छापलेली नसते. हेच नाव ३५ वॅटवर चालणाऱ्या चिपलाही लागतं आणि ११५ वॅटवर चालणाऱ्या चिपलाही. वर डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे गरजेला मिळणाऱ्या जादा विजेचे, २५ वॅटपर्यंत वेगळे. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये बसवलेली ४०६० आणि जाड्या चेसिसमधली ४०६० ही एकाच आडनावाची पण वेगवेगळ्या तब्येतीची माणसं. दुकानात दोन डेमो मशीन शेजारी शेजारी होती. दोन्हींवर एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल उघडून डावीकडे खाली ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ दाबलं. तिथे ‘मॅक्स ग्राफिक्स पॉवर’ अशी ओळ असते. एकावर ७५ वॅट, दुसऱ्यावर १४०. किमतीत फरक जेमतेम चार हजारांचा, आणि महाग होतं ते ७५ वॅटवालं, कारण ते दिसायला छान होतं. दुकानातल्या मुलालाही ही ओळ ठाऊक नव्हती. त्याने नंतर शोकेसमधलं तिसरं मशीन काढून स्वतःच तपासून पाहिलं, ते मला आवडलं.

पेनड्राइव्हवर इन्स्टॉल न करता चालणारं ब्लेंडर आणि माझ्याच एका किचनचा सीन नेला होता. शेठनी तो दोन्ही मशीनवर चालवू दिला, चेहऱ्यावर आठी न आणता. या एका गोष्टीसाठी मी त्या दुकानाला पूर्ण गुण देते. मॉलमधल्या चकाचक शोरूममध्ये डेमोच्या मशीनला पेनड्राइव्ह लावायचं नाव काढलं की सिक्युरिटीवाला पुढे येतो.

त्याच सीनने स्क्रीनचाही निकाल लावला. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपन्या सर्रास ४५ टक्के एनटीएससीचं, म्हणजे कमी रंग दाखवणारं, पॅनेल घालतात. माहितीपत्रकात ‘१४४ हर्ट्‌झ’ (सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलतं) मोठ्या अक्षरात आणि हे ४५ टक्के कुठेतरी तळाशी. माझ्या सीनमधल्या किचनच्या शटरला गडद मरून लॅमिनेट होतं. ४५ टक्केवाल्या पॅनेलवर ते उन्हात विटलेल्या पायपुसण्यासारखं दिसत होतं, आणि १०० टक्के एसआरजीबीवाल्यावर, म्हणजे रंग पुरे दाखवणाऱ्यावर, मरून. क्लायंटला रंग दाखवून ॲडव्हान्स घ्यायचा असेल तर हा फरक हौसेचा राहत नाही. नुसतं खेळणाऱ्यालाही मी हेच सांगेन, कारण पॅनेल नंतर बदलता येतं हे खरं, पण तो खर्च आणि वॉरंटीची कटकट कुणी अंगावर घेत नाही. उलट २४० हर्ट्‌झच्या मागे लागू नका. एल्डन रिंगसारखा गेम तर ६० फ्रेमच्या पुढे जातच नाही, आणि जड गेममध्ये ४०६० कडून २४० निघणार नाहीत.

स्क्रीनसोबत एमयूएक्स स्विच आहे का ते विचारा. तो नसेल तर ग्राफिक्स चिपने तयार केलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समधून फिरून स्क्रीनवर येते, आणि त्या फेरीत फ्रेम गळतात. ‘आहे, आहे’ हे उत्तर धरू नका, सेटिंग उघडून दाखवायला सांगा.

प्रोसेसरवर मी फार वेळ घालवला नाही. इंटेलच्या आय-७ १३६५०एचएक्स आणि आय-५ १३४५०एचएक्स यांत मोठे, वेगवान कोर दोन्हींत सहाच. आय-७ मध्ये लहान कोर आठ, आय-५ मध्ये चार. गेमला कस लागतो तो सहा मोठ्यांचा, आणि माझं रेंडरिंग ग्राफिक्स चिपवर होतं. आय-५ घेतला. शेठना हे पटलं नाही. ‘आय-सेव्हनला रीसेल आहे’ म्हणाले. असेल.

आता बदलता येणाऱ्या वस्तू. मशीनमध्ये १६ जीबीची डीडीआर-५ ची एकच काडी होती आणि दुसरा स्लॉट रिकामा. एकच काडी म्हणजे मेमरीचा अर्धा रस्ता बंद. तिच्या जोडीला तशाच वेगाची आणखी एक १६ जीबीची क्रुशियल ब्रँडची घातली, साधारण चार हजारांत. विकत घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ ही ओळ बघा. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर हा मार्गच बंद, आणि अशा मशीनसमोरून मी सरळ उठले असते.

एसएसडीपाशी दुकानाचा खरा चेहरा दिसला. माझ्या मशीनमध्ये एसएसडीसाठी दुसरा एम-डॉट-२ स्लॉट होता. कंपनीची ५१२ जीबी विंडोजमध्ये ४७६ दिसते, आणि बाल्डर्स गेट ३ सारखा एकच गेम १५० जीबी मागतो, तेव्हा १ टीबीची गरज होतीच. मी जेन ४ (चौथ्या पिढीच्या वेगाची), टीएलसी (एका पेशीत तीन बिट) प्रकारची सांगितली. मुलाने काउंटरवर आणली ती वर ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक बसवलेली. ती डेस्कटॉपची, लॅपटॉपचं झाकण तिच्यावर बसणारच नाही. ती परत गेली, मग आली क्यूएलसी. एका पेशीत तीनऐवजी चार बिट कोंबलेली, म्हणून स्वस्त, आणि मोठ्या फाइल सलग लिहायला लागलं की तिचा वेग कोसळतो. माझ्या रेंडरच्या फाइलना ते चालण्यासारखं नव्हतं. मी मॉडेल नंबर मोबाइलवर टाकून बघितल्यावर शेठ म्हणाले, ‘अरे, मॅडमना ती दुसरी दे.’ म्हणजे दुसरी होती. नंतर जेन ५ चाही आग्रह झाला. स्लॉट जेन ४ चा असताना ती जेन ४ च्याच वेगाने पळणार, तेव्हा तो विषय तिथेच मिटला.

बसवण्याचं काम मात्र मन लावून झालं. मुलाने आधी मशीन बंद केलं, चार्जर काढला, खालचे स्क्रू सोडवून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी चुंबकाच्या मॅटवर मांडला, कारण मागच्या कडेचे स्क्रू लांब असतात आणि पुढचे आखूड. लांब स्क्रू पुढे गेला तर तळहात ठेवायच्या जागी वर टेंगूळ येतं. मग गिटारच्या पिकसारखी प्लास्टिकची चकती फटीत घालून बिजागरीच्या बाजूने टक टक टक करत क्लिपा सोडवल्या. उघडल्याबरोबर पहिलं काम बॅटरीची पिन काढण्याचं, आणि मगच रॅमला हात. एवढं शिस्तीत करणारा माणूस असेल तर पाचशे रुपये मजुरी जड वाटत नाही. ‘लिक्विड मेटल लावू का, दहा डिग्री उतरेल’ या प्रस्तावाला मी नाही म्हटलं. पेस्टऐवजी लावतात ते वीजवाहक असतं, जागचं सरकलं तर बोर्डच जातो. नव्या मशीनची पेस्ट तशीही इतक्यात उकरायची नसते. मागचं झाकण उघडल्याने वॉरंटीवर काय परिणाम होतो, हे मी आधीच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मेल करून लेखी घेतलं होतं. तुम्हीही घ्या, काउंटरवरचा ‘काही होत नाही’ हा शब्द दावा करताना उपयोगी पडत नाही.

बिलावरून वाजलं. लॅपटॉपचं पक्कं बिल होतं, पण रॅम आणि एसएसडीसाठी ‘कच्च्यात घ्या, कमी करून देतो’ ही टेप सुरू झाली. माझा जीएसटी नंबर आहे, १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं (भरलेला कर वळता होतो), तेव्हा कच्च्या बिलातली सूट मला तोट्याचीच. पण ज्यांना क्रेडिट नाही त्यांनीही त्यात पडू नये. चांगल्या एसएसडीला पाच वर्षांची वॉरंटी असते आणि ती सिरियल नंबरवर चालते. तो नंबर बिलावर लिहून घ्यायला मला दोनदा आवाज चढवावा लागला. एकूण आकडा एक लाख पाच हजारांच्या आसपास थांबला.

वापराबद्दल थोडक्यात. मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत लॅपटॉपचे पंखे जेट विमानासारखे ओरडतात. मी मागची बाजू स्टँडवर उचलून ठेवते आणि सायबरपंक ६० फ्रेमवर बांधते, मग आवाजही उतरतो आणि हातही भाजत नाहीत. चार्जर काढून खेळायचा विचार सोडून द्या, बॅटरीवर ग्राफिक्स चिपला वीजच तेवढी मिळत नाही. अडॅप्टर २३० वॅटचा, विटेएवढा. साइटवर जाताना मी तो नेतच नाही. १०० वॅटचा टाइप-सी चार्जर ड्रॉइंग दाखवण्यापुरता पुरतो, आणि सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये तेवढ्या वजनाचीही किंमत कळते.

आज हाच सौदा करायचा तर माझा एक हिशेब उलटा फिरलाय. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली, रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल या नावाने ग्राहकांना विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे ‘रॅम नंतर टाकू’ म्हणण्याऐवजी दोन काड्या भरलेलंच मशीन कंपनीकडून घेणं बहुधा स्वस्त पडेल. दोन्ही भाव मांडून बघा. ग्राफिक्सचं गणित मात्र जुनंच आहे. लॅपटॉपच्या पुढच्या पिढीतल्या ५०६० आणि ५०७० दोघींना ८ जीबीच, १२ जीबी सुरू होते ५०७० टीआयपासून, आणि ती एक लाख दहा हजारांत बसवायला जाऊ नका.

दुकानाला पाचपैकी साडेतीन. चाचणीला मोकळीक आणि त्या मुलाचा हात यासाठी पुन्हा जाईन, एसएसडीचा मॉडेल नंबर आधी वाचून आणि पक्क्या बिलाचं आधी बोलून. तुम्ही जाणार असाल तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, आणि रविवारी जाऊ नका. बहुतेक शटर खाली असतात.